प्लॅटफॉर्मचे शेवटचे नऊ इंच

राणीचा श्वास कसा मोजायचा ते मला डॉक्टरांनी शिकवलं. ती झोपली की फ्रॉक वर करायचा, पोटाकडे बघायचं, मोबाइलवर एक मिनिट लावायचं. चाळीसच्या आत असेल तर काळजी नाही, वर गेला तर वाफेचं मशीन लावायचं, पन्नासला पोचला तर उचलून घेऊन यायचं. गुरुवारी दुपारी बेचाळीस होता. आतल्या खोलीत त्या वेळी माझे सासरे खडी चाळत होते.

खडी म्हणजे समोरच्या बांधकामावरून आणलेला ग्रॅनाइटचा चुरा. तो आधी माझ्या रव्याच्या चाळणीतून आणि मग चहाच्या गाळणीतून काढला की मधलं जे उरतं ते रुळांखाली टाकायला बरोबर, असं त्यांचं म्हणणं. जे पिठासारखं खाली पडतं ते कुठं जातं, याबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. मला ठाऊक होतं. पंख्याच्या पात्यांवर, पडद्यांवर आणि तीन वर्षांच्या माझ्या पोरीच्या छातीत.

आमचा फ्लॅट अंबरपेठला, दुसऱ्या मजल्यावर. एक हॉल आणि एक आतली खोली, बस. आतली खोली खरं तर राणीची व्हायची होती, कारण हॉल रस्त्यावर आहे आणि खिडकी उघडली की बसचा धूर थेट आत. पण चार महिन्यांपूर्वी बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तिथं सहा बाय चार फुटांचा प्लायवूड आणून लाकडी घोड्यांवर टाकला आणि त्यावर रेल्वे सुरू झाली. तेव्हापासून राणीची गादी हॉलमध्ये, बाबासाहेबांच्या फोटोखाली, आणि गादीशेजारी स्टुलावर वाफेचं मशीन.

बाबा, म्हणजे देवराव, पूर्णेकडे गँगमन म्हणून लागले आणि काचीगुड्याला रुळांचे सुपरवायझर होऊन रिटायर झाले. सासूबाई म्हणतात, नोकरीत होते तवा घरी नव्हते, अन् रिटायर झाले तर स्टेशनच घरी घेऊन आले. त्या हसून म्हणतात. मला हसू येत नाही.

हे सगळं हिम्मतरावकाकांमुळे. ते रिटायर्ड गार्ड, बाबांचे जुने दोस्त. काचीगुड्याच्या पेन्शनर मंडळींनी ठरवलं की ज्याला येईल त्यानं रेल्वेचं मॉडेल करून आणायचं, त्यांच्या हॉलमध्ये मांडायचं. ज्याची गाडी न अडकता पाच फेऱ्या मारेल त्याचं मॉडेल मंडळी कायमचं ठेवून घेणार, शाळेच्या पोरांना दाखवायला. ज्याची अडकेल त्यानं संध्याकाळी आपलं सामान घरी न्यायचं. तारीख होती रविवारची.

मला त्यातला एकच शब्द ऐकू आला. कायमचं. म्हणून मी या कामात पडले. हौस वगैरे काही नव्हती. बाबा एकटे करत बसले असते तर दोन वर्षं लागली असती. त्यांना एक झाड लावायला तीन दिवस लागत. मी बी.एस्सी. केलंय, दोन वर्षं लॅबमध्ये काढलीत, हात बारीक कामाला सरावलेला आहे. मी भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरचे कडुनिंब केले. चहाचा चोथा वाळवून माती केली. आइसक्रीमच्या काड्यांचा चहाचा ठेला, अगरबत्तीच्या काड्यांचं कुंपण. आणि माणसं. काडेपेटीच्या काडीवर एम-सील लावून दोन सेंटिमीटरची एकतीस माणसं केली, सगळ्यात बारीक ब्रशनं लुगडी, पागोटी, शर्ट रंगवले. प्रत्येक रंगाच्या डबीवर शिसं आहे का ते वाचून घेतलं. फवारा मारायचा असला तर गॅलरीत जाऊन मारला. बाबांचं लक्ष फक्त एकाकडे होतं: माणूस पिवळ्या पट्टीच्या आत उभं आहे की नाही. दोघांना त्यांनी उपटून पुन्हा मागे चिकटवायला लावलं.

गुरुवारी संध्याकाळी डबे आले. तोपर्यंत बाबा इंजिन आणि दोन छोट्या मालवाघिणी फिरवून बघत होते आणि ते सुरळीत चालत होतं. प्रवासी डबे हिम्मतरावकाकांनी पेन्शनर मंडळींतर्फे मागवलेले, सगळ्यांना सारखेच, आणि रविवारी तेच चालवायचे असा नियम. निळे, दोन डबे, प्रत्येक माझ्या वितीपेक्षा लांब. बाबांनी ते पुसले, रुळावर ठेवले, चाक न् चाक बसलंय का ते वाकून बघितलं आणि बटण फिरवलं.

गाडी सरळ भागातून छान गेली. प्लॅटफॉर्मच्या शेवटी जिथं बोर्ड संपतो म्हणून रूळ वळतो, तिथं पहिला डबा प्लॅटफॉर्मला खर्र करून घासला आणि अडकला. इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत राहिलं.

बाबांनी गाडी मागे घेतली, पुन्हा सोडली. पुन्हा तिथंच. मग त्यांनी स्केल काढली. प्लॅटफॉर्म रुळाच्या मध्यापासून किती लांब हवा ते रेल्वेच्या पुस्तकात दिलेलं असतं. त्यांनी त्याला सत्त्याऐंशीनं भागलं होतं, कारण सगळं मॉडेल सत्त्याऐंशी पट लहान. वळणावर थोडं जास्त अंतर सोडतात, तेही पुस्तकात बघून सोडलं होतं. त्यांनी मोजलं. प्लॅटफॉर्म बरोबर होता. डबा मोजला. डबा बरोबर होता. दोन्ही बरोबर आणि तरी घासत होतं.

मी चार दिवस आधीच म्हटलं होतं, बाबा, हे वळण फार आखूड वाटतं. तेव्हा त्यांनी मला हातानं थांबवलं होतं. बत्तीस वर्षं रूळ बघितलेल्या माणसाला मी काय सांगणार. पण आता मी वही घेतली आणि त्यांना विचारलं की वळणाची डिग्री कशी काढतात. साडेसतराशेला मीटरमधल्या त्रिज्येनं भागायचं, ते म्हणाले. मी आमच्या वळणाची त्रिज्या मोजली, सत्त्याऐंशीनं गुणली, भागाकार केला. चव्वेचाळीस आलं.

“पुस्तकात शेवटचं वळण केवढ्याचं आहे?” मी विचारलं.

“दहा डिग्री.” मग स्केल खाली ठेवत, “चव्वेचाळीसचं वळण रेल्वेत नसतंय, शिवानी. तिथं गाडीच जाणार नाही.”

म्हणजे झालं होतं इतकंच की त्यांनी दहा डिग्रीला जेवढं अंतर सोडतात तेवढं सोडलं होतं, कारण त्यांच्या डोक्यात त्यापुढे पुस्तकच नव्हतं. दुसऱ्या कुणी हौशी माणसानं डोळ्यानं बघून चार बोटं जागा सोडली असती आणि त्याची गाडी निघून गेली असती. आमच्याकडे सगळं नियमानं झालं म्हणून अडलं.

शुक्रवारी ते दिवसभर कागदावर आकडे करत बसले. जेवायला उठवलं तरी उठेनात. राणी सकाळी अडतीस, दुपारी चव्वेचाळीस. मी मशीन लावत होते तेव्हा ते बाहेर आले आणि अगदी सुटल्यासारखं म्हणाले की सापडला उपाय. आठ फुटी प्लाय आणायचा, वळण मोठं घ्यायचं, सगळं उचलून नव्यानं मांडायचं. या रविवारी नाही जमायचं, पण पुढच्या वर्षी पण भरवणारच आहेत की. घाई काय आहे.

मशीनच्या आवाजात मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. आठ फूट. पुढचं वर्ष. राणी तोंडावर मास्क धरून माझ्याकडे बघत होती, तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती.

“बाबा, तुमच्या त्या स्टेशनानं माझ्या पोरीचा जीव जाईल एक दिवस,” मी म्हटलं.

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि परत आत गेल्या. बाबांनी कागदाची घडी केली, खिशात घातली.

प्रज्ञेश घरी आल्यावर त्याला सगळं सांगितलं. माझा नवरा एका बँकेत आहे आणि कुठल्याही भांडणात त्याचं एकच वाक्य असतं, थोडं समजून घे ना. मी विचारलं, कुणी समजून घ्यायचं, राणीनं? तर म्हणाला, बाबांकडे दुसरं आहे काय ग. हे मलाही कळतं. पण कळून काय करू? कळल्यानं कुणाची छाती मोकळी होते का?

शनिवारी जेवणं झाल्यावर बाबा प्लाय बघायला सिकंदराबादला गेले. बसनं जाऊन यायला तीन तास तरी. सासूबाईंना म्हटलं, राणीला घेऊन खालच्या शेजाऱ्यांकडे बसा जरा, मला खोली पुसायचीय. खोटं बोलले. दार लावलं, नाकाला ओढणी बांधली, हॅक्सॉचं पातं घेतलं आणि धूळ उडू नये म्हणून प्लॅटफॉर्मची कड ओल्या स्पंजनं भिजवली. आत सनबोर्डचा हलका फोम, वरून प्लास्टरचा थर, त्यावर सँडपेपरची फरशी. मीच केलेलं, त्यामुळे कुठं नरम आणि कुठं कडक ते ठाऊक होतं. वळणावरच्या नऊ इंचांत आठ-नऊ मिलिमीटर कड कापून काढली. नवी पिवळी पट्टी ओढली. बटण फिरवलं.

डबे गेले. पाच नाही, मी दहा फेऱ्या मारल्या. कुठंही लागलं नाही. मी तिथंच जमिनीवर बसले. चार महिन्यांत पहिल्यांदा माझं कुणीतरी ऐकलं होतं, आणि ते होतं प्लास्टर.

बाबा साडेपाचला आले. चप्पल काढली, पाणी प्याले, खोलीत गेले. त्यांना मोजायलासुद्धा लागलं नाही, दारातूनच दिसलं. मी तयारीत होते. ओरडले तर काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. पण त्यांनी फक्त गाडी सोडली, ती वळणावर नेली आणि थांबवली. मग खाली वाकून बघितलं आणि मला बोलावलं.

वळणावर डब्याचं पोट प्लॅटफॉर्मकडे येतं आणि दोन्ही टोकं लांब जातात. दारं टोकांना असतात. म्हणजे पोट घासू नये म्हणून मी कड कापली, तर दारापाशी फट पडली होती. बाबांनी स्केल लावली. सतरा मिलिमीटर. त्यांनी तोंडानंच गुणाकार केला. जवळजवळ दीड मीटर.

मग त्यांनी प्लॅटफॉर्मवरून माझं एक माणूस अलगद उपटलं. हिरव्या लुगड्याची बाई, कडेवर पोर. ते पोर म्हणजे एम-सीलचा तिळाएवढा ठिपका. तिला त्यांनी त्या फटीत धरलं. ती फटीतून सरळ रुळापर्यंत गेली.

“बाबा, खेळण्यातली गाडी आहे ही,” मी म्हटलं. “कुणी उतरणार नाहीये.”

त्यांनी कपाटातून एक जुनं रजिस्टर आणलं, रेल्वेचंच असावं, मागची पानं कोरी. त्यावर तारीख घातली, वेळ घातली, एक ओळ लिहिली आणि माझ्यापुढे ठेवलं. नियम असा असतो, त्यांनी समजावून सांगितलं, अगदी शाळेत समजावतात तसं: गाड्या बंद ठेवून ज्यानं लाइनला हात लावला, त्यानंच लिहून द्यायचं की लाइन आता ठीक आहे. त्याची सही झाल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. सुपरवायझर असो का आणि कुणी. हात मी लावला होता, तर सही माझी.

“केली सही तर उद्या नेणार?”

“नेणार.”

“आठ फुटी प्लाय?”

“नाही आणत. तू फिट म्हन, मी नेतो.”

इतकं सोपं होतं. लिहिलं होतं: प्लॅटफॉर्मच्या वळणावरील बदल तपासला, वाहतुकीस योग्य. खाली रेघ. मला संताप आला. बाहेर माझी पोर शिट्टी वाजल्यासारखा श्वास घेतेय आणि इथं हा माणूस मला खेळण्याच्या प्लॅटफॉर्मचं सर्टिफिकेट मागतोय. करून टाक सही, मी स्वतःला म्हटलं. कुणाचं काय जातंय.

पेन टेकवलं आणि नाही झाली. ती हिरव्या लुगड्याची बाई बोर्डाच्या कडेला आडवी पडली होती. मी शाळेच्या गेटची कडी बघणारी बाई, घसरगुंडीचे खिळे बघणारी. औषधाच्या चमच्यावरची रेघ दोनदा बघते. दीड मीटरच्या फटीला योग्य म्हणून सही करायला माझा हात जाईना, आणि या गोष्टीची मला स्वतःचीच इतकी चीड आली की काय सांगू.

“मग काय करायचं?” मी विचारलं. “असं पण नको, तसं पण नको.”

उत्तर त्यांना माहीत असावं असा मला आजही संशय आहे. पण ते माझ्या तोंडून यायची वाट बघत राहिले.

“हा तुकडाच काढून टाकू,” शेवटी मी म्हटलं. “सरळ भाग संपतो तिथंच प्लॅटफॉर्म संपवू. मागचा डबा बाहेर राहील, राहू दे.”

“त्यावर तुझा ठेला हाय,” ते म्हणाले.

ठेला होता, सगळ्यात चांगला कडुनिंब होता, त्याखाली बाकडं होतं आणि अकरा माणसं होती. तीन आठवड्यांचं काम. मला वाटलं नव्हतं की मला त्याचं काही वाटेल. बाबांनी दोन्ही हातांनी बोर्ड दाबून धरला, मधूनमधून पाण्याचा फवारा मारत राहिले, आणि मी ते नऊ इंच कापले. ठेला निघताना मोडला. कडुनिंब तिरका फाटला. माणसं मी एकेक करून काडेपेटीत ठेवली. कापलेल्या टोकाला कुंपण लावलं, त्यापुढे कुणी जाऊ नये म्हणून. मग रजिस्टरवर सही केली. खाली त्यांनी वेळ घातली: सात वाजून दहा मिनिटं.

रविवारी सकाळी ट्रॉली ऑटो आली. जिना अरुंद, बोर्ड उभा करून न्यावा लागला, ऑटोवाला हळू न्या म्हणून खालून ओरडत होता, “हल्लू अम्मा, हल्लू.” काचीगुड्याच्या हॉलमध्ये सगळी मिळून सात मॉडेलं आली होती. आमची गाडी पाच फेऱ्या फिरली. थांबवली तेव्हा मागचा डबा प्लॅटफॉर्मच्या बाहेर, खडीवर. एक रिटायर्ड टी.सी. म्हणाले, वा देवराव, अगदी असली स्टेशन केलंत, मागच्या डब्याचे लोक उड्या मारून उतरणार. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. हिम्मतरावकाकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि मॉडेल ठेवून घेतल्याचं जाहीर केलं. मी तिथंच राणीच्या पाठीवर हात ठेवून तिचा श्वास बघत उभी होते आणि मनात खोलीतलं सामान लावत होते.

संध्याकाळी आतली खोली तीनदा पुसली. फिनाइल नाही, साधं गरम पाणी. पडदे धुतले, पंखा पुसला. राणीची गादी आत नेली, मशीन नेलं. प्रज्ञेश दारात उभा राहून म्हणाला, झालं ना मनासारखं? मी गादीवरची चादर नीट केली. झालं होतं.

सोमवारी सकाळी राणीचा श्वास शेहेचाळीस होता.

मला वाटलं मोजायला चुकले. पुन्हा मोजला. सत्तेचाळीस. चुरा नाही, प्लास्टर नाही, रंग नाही, धूर नाही. मशीन लावलं, ती थोडी निवली, सासूबाईंनी तिला बाहेर नेलं. मी खोलीत उभी राहिले आणि काय उरलंय ते बघत राहिले. उरला होता फक्त बोर्डामागचा, जमिनीपासून उभा केलेला हार्डबोर्ड, ज्यावर मी आकाश आणि लांबचे डोंगर रंगवले होते. काचीगुड्याच्या हॉलमध्ये मागे त्यांची स्वतःची भिंत होती म्हणून तो नेला नव्हता, भिंतीला खिळ्यांनी ठोकलेलाच होता. गादी त्याच्याच पायथ्याशी.

पकडीनं खिळे काढले. हार्डबोर्ड पुढे आला आणि वास आला. जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत भिंत काळी-हिरवी होती. बुरशी. आकाशाच्या मागच्या बाजूलाही तिचे ठिपके होते. बोट लावलं तर ओलं.

बाबा चहाचा कप घेऊन आले. कप खिडकीत ठेवला, भिंत अंगठ्यानं दाबली, मग वर, छताच्या कोपऱ्याकडे बघितलं.

“वरच्यांचा पाइप गळतोय,” ते म्हणाले. “चार-पाच महिने तरी झाले असतील.”

चार महिने. मी हिशोब केला. करायला नको होता. चुऱ्याची धूळ काही निर्दोष नव्हती, डॉक्टर दोन्हीला बोल लावतील. पण चार महिने मी त्या बोर्डाकडे डोळे फाडून बघत होते आणि त्याच्या मागे एकदाही बघितलं नाही. वर आकाश रंगवून ते झाकलं होतं, तेही मीच.

“बाबा, मी शुक्रवारी तुम्हाला जे...”

“आधी पानी बंद करून येतो,” ते म्हणाले. त्यांनी बनियनवर शर्ट चढवला आणि बटणं लावतच जिन्याकडे गेले. थोड्या वेळानं वरच्या दाराची बेल वाजलेली ऐकू आली, मग त्यांचा तेलुगूतला आवाज, आधी हळू, मग जरा चढा.

मी राणीची गादी गुंडाळली, काखेत मारली आणि परत हॉलमध्ये नेऊन टाकली.